माईक ठेवणारे नाना

वस्तू वापरणारी माणसं जगात पोत्यानं सापडतील, पण वस्तू ठेवावी कशी हे कळलेला माणूस मी सबंध खान्देशात एकच पाहिला, आणि तो धुळ्यात देवपुरातल्या आमच्या कॉलनीत माझ्या भिंतीला भिंत लावून राहत होता. त्यांना सगळे फॅक्टरीवाले नाना म्हणत. वरणगावला दारूगोळ्याच्या फॅक्टरीत ते तीस वर्षं पॅकिंगला होते. तयार झालेला माल खोक्यात असा बसवायचा की खोकं ट्रकमधून पडलं तरी आतल्या मालाला कळू नये, एवढं एकच काम त्यांनी तीस वर्षं केलं. निवृत्त होऊन देवपुरात घर बांधलं तेव्हा हात शिवशिवायला लागले, कारण घरात पॅक करण्यासारखं काही नव्हतं. नेमका त्याच सुमाराला आमच्या मंडळानं विहारातल्या कार्यक्रमांसाठी माईकचा सेट घेतला. एक अ‍ॅम्प्लिफायर, दोन कर्णे, तीन माईक आणि वायरींची भेंडोळी. मी तेव्हा शाळेत शिकवत होतो आणि मंडळाचा सेक्रेटरी होतो, म्हणजे दुसरं कोणी तयार झालं नव्हतं. सेट ठेवायचा कुठे असा प्रश्न बैठकीत निघाला आणि कोपऱ्यातून नाना म्हणाले, "मन्हा घर ठेवा." त्या दिवसापासून सेट मंडळाचा राहिला तो कागदावर.

पहिले आठ दिवस नानांनी काहीच केलं नाही. तीन माईक समोर सतरंजीवर ठेवून ते नुसते बघत बसायचे. मग चहाच्या पेटीचं प्लायवूड आलं, करवत निघाली आणि खोकी तयार व्हायला लागली. एका खोक्यात एक माईक, त्याच्या अंगाच्या मापाचा खड्डा, खड्ड्याला जुन्या घोंगडीचं अस्तर आणि खाली हवाई चपलेचा तळवा कापून बसवलेला. चपलेच्या रबराइतका धक्का दुसरं काहीच खात नाही असं त्यांचं मत होतं, आणि त्या मतापायी त्यांची नजर बिघडली. माणूस समोर आला की ते त्याच्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघायचे. मी एकदा सकाळी पेपर मागायला गेलो तर पेपर देता देता म्हणाले, "सर, ह्या अजून कितला दिन चालतीन?" चपला मी महिन्यापूर्वीच घेतल्या होत्या. खोकं तयार झालं की परीक्षा व्हायची. नाना खोकं कानाशी धरून हलवायचे, आतून आवाज आला तर पुन्हा घोंगडी. मग ते ओट्यावरून खाली टाकायचे. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा माझा जीव वरखाली झाला, कारण आत मंडळाचा माईक होता आणि जाब मला द्यावा लागला असता. नाना शांतपणे खाली उतरले, खोकं उचललं, माईक काढून दाखवला आणि म्हणाले, "वस्तू वापरतांना मोडत नही सर, ठेवतांना मोडस." झाकणावर काळ्या रंगानं 'हे तोंड वर' असं लिहून बाण काढलेला असे, आणि आत एक चिठ्ठी, आतील वस्तू अमुक, पॅक करणार अमुक, खाली सही.

मोठ्या वस्तूंची सोय अशी लागली, पण बारीक वस्तूंनी नानांच्या घराची पार वाट लावली. जॅक, फ्यूज, स्क्रू, पिना हे सगळं ठेवायला सात वाट्यांचा मसाल्याचा डबा एवढा सोयीचा की तो स्वयंपाकासाठी बनवलाच कसा याचं नानांना नवल वाटे. डबा गेला. छत्रीच्या म्यानात माईकचा स्टँड गेला आणि पावसाळ्यात नाना उघडी छत्री बगलेत मारून फिरू लागले. कॉलरला लावायच्या छोट्या माईकसाठी स्वतःच्या चष्म्याचं घर दिलं, आणि चष्मा सतत शर्टाच्या खिशात राहिल्यामुळे त्याची एक काडी मोडली ती शेवटपर्यंत दोऱ्यानं बांधलेली होती. शेजारच्या घरातली नवी सून एकदा हळद मागायला आली, अक्का अंघोळीला गेल्या होत्या, तिनं आपणच डबा उघडला आणि हात लावायला घाबरून तशीच परत गेली. अक्का म्हणजे नानांच्या मंडळी. बाई हसतमुख. कोणी आलं की सांगायच्या, "आमना घर जिरं पुडीमा नि स्क्रू डबामा." पण डबा परत मागितला असं मी कधी ऐकलं नाही.

ओलाव्याचं प्रकरण निराळं. फॅक्टरीत खोक्यात निळ्या दाण्यांच्या पिशव्या टाकत, त्या हवेतलं पाणी पितात. धुळ्यात ते दाणे मिळेनात म्हणून नानांनी भाजलेले तांदूळ मलमलीच्या पुरचुंडीत बांधून प्रत्येक माईकच्या उशाशी ठेवले. धुळ्याच्या हवेत ओलावा किती असणार, उन्हाळ्यात आमचे ओठ फुटतात, पण नियम तो नियम. आठ-पंधरा दिवसांत उंदरांना पत्ता लागला. त्यांनी एका खोक्याचा कोपरा कुरतडला, तांदूळ खाल्ले आणि घोंगडीत संसार थाटला. माईकला मात्र धक्का लागला नव्हता. नानांनी त्याचं श्रेय घोंगडीला दिलं आणि पुढच्या वेळी तांदळात कडुलिंबाचा पाला मिसळला. त्यानंतर आमच्या कार्यक्रमांत जो जो वक्ता माईकजवळ तोंड नेई, तो एकदा नाक आक्रसून मागे होई.

नानांकडून माईक बाहेर काढणं म्हणजे मुलीची मागणी घालण्यासारखं होतं. कोणाच्या हातात जाणार, तो पान खातो का, बोलताना वायर हाताला गुंडाळायची सवय आहे का, सगळी चौकशी व्हायची. माईक चालू आहे का हे बघायला त्यात फुंकर मारणाऱ्याला दुसऱ्यांदा माईक मिळत नसे. आमच्या एका नगरसेवकाचं नाव त्यापायी कायमचं कटलं होतं. मी स्वतः एकदा घाईत माईक स्कूटरच्या डिकीत टाकून आणला, पान्याशेजारी, तर नाना माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. पेपर अक्कांच्या हातून यायचा. कार्यक्रम संपला, माणसं पंगतीला बसली की हे एकटे मांडवात वायर आठच्या आकड्यात गुंडाळत बसलेले असत. बोलवायला गेलं तर म्हणायचे, "तुम्ही बठा, मी हाई ठेवीसन येस." त्यांचं ताट आम्ही झाकून ठेवायला शिकलो होतो.

पण त्यांचा सगळ्यात कडक नियम सेलचा होता. मंडळाचा हातात धरून बोलायचा एक भोंगा होता, त्यात एकदा सेल राहून गेले, पाझरले आणि आतल्या स्प्रिंगा खाऊन बसले. तेव्हापासून नानांनी फॅक्टरीचा कायदा लावला. जे पेटतं आणि ज्यानं पेटतं, ती दोन्ही एका खोलीत ठेवायची नाहीत. माईक बाहेरच्या खोलीत, सेल आतल्या खोलीत फळीवर पावडरच्या डब्यात, डब्यावर पुन्हा चिठ्ठी. तांत्रिकदृष्ट्या त्यांचं काही चुकत नव्हतं, असं मला आजही वाटतं.

आता अक्कांविषयी सांगायला हवं. अक्कांचा आवाज एकेकाळी दोंडाईच्यात प्रसिद्ध होता. लग्नाआधी त्या जयंतीला मोकळ्या मैदानात गायच्या, माईक नसताना, आणि रेल्वे स्टेशनवर ऐकू यायचं म्हणतात. मी ऐकला तो पन्नाशीनंतरचा, तोही भरदार होता. मग त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, पण आवाज कुठेतरी आत जाऊन बसला. बोलत तेव्हा शेजारी बसलेल्यालाच कळे. गाणं त्यांनी सोडून दिलं. कोणी आग्रह केला तर हसून मानेनं नाही म्हणायच्या. दोन वर्षांनी त्यांच्या मुंबईच्या जावयानं बिनवायरचा माईक आणून दिला, हातात धरायचा, खाली वायरीची शेपटी लोंबणारा, आत नऊ व्होल्टचा चौकोनी सेल. त्याची आवाज पकडायची छोटी पेटी वेगळी, ती अ‍ॅम्प्लिफायरला जोडायची. असा माईक कॉलनीत कोणी पाहिला नव्हता. पण नानांनी तो आम्हाला न दाखवता आधी अक्कांच्या ओठांशी धरला. भिंतीपलीकडून मला कर्ण्यातून अक्कांचा आवाज ऐकू आला, बारीक, पण स्पष्ट. त्या नुसतं "काय म्हनू?" असं विचारत होत्या.

त्या बुद्धपौर्णिमेला दोंडाईच्याहून अक्कांच्या माहेरच्या वस्तीतून बोलावणं आलं. दुपारचा कार्यक्रम होता आणि अक्कांनी गावं अशी त्यांच्या भावाची इच्छा होती. अक्का हो म्हणाल्या. त्यांनी नवं गाणं रचलं, त्यांच्या आईवर. आईनं त्यांना खांद्यावर बसवून कोसभर चालत सभेला नेलं होतं, त्याचं. हे जमलं नाही तर अक्का पुन्हा कधीच उभ्या राहणार नाहीत, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. नानांनी माईकसाठी नवं खोकं केलं, शेपटीला वेगळी खाच ठेवून, आणि एसटीत ते मांडीवर घेऊन बसले. मी कंडक्टरशी बोलायला नि पिशव्या उचलायला सोबत होतो.

मांडव भरलेला होता. नानांनी ती छोटी पेटी मागच्या बाजूला अ‍ॅम्प्लिफायरच्या टेबलावर लावली, सगळं जोडलं, मग खोकं उघडलं. माईक आपल्या जागी निवांत पडला होता. उशाशी तांदळाची पुरचुंडी होती, शेपटी खाचेत होती आणि वर चिठ्ठी होती. आतील वस्तू, माईक एक. सेल वेगळा. नाना ती चिठ्ठी बराच वेळ वाचत राहिले, जणू दुसऱ्याच कोणी लिहिली होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "सेल घर राही गया." चेहरा पार उतरला होता. वस्तीतला जुना वायरवाला माईक अक्कांच्या हातात दिला गेला. त्याला ओरडलेलंच कळे. अक्कांनी एक ओळ म्हटली, कर्ण्यातून नुसती घरघर आली, मागची पोरं हसली. अक्कांनी माईक खाली ठेवला. मी बाजाराकडे पळालो.

तसला सेल सहजी मिळत नसे. तिसऱ्या दुकानात, एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या खणात मिळाला. येण्या-जाण्यात अर्धा तास गेला. परत आलो तर मांडव अर्धा रिकामा, आणि मला वाटलं संपलं सगळं. मग दिसलं की माणसं उठून गेली नव्हती, सगळी पुढे सरकली होती. अक्का खुर्चीवर बसल्या होत्या आणि त्यांच्या पायांपाशी गुडघ्याला गुडघा लावून सगळी वस्ती बसली होती. घरघर करणारे पंखे बंद केलेले, त्या उन्हाळ्यात. बायका पदरानं वारा घेत होत्या, पोरांच्या तोंडावर हात ठेवून होत्या. अक्कांच्या भावजयीनं मला नंतर सांगितलं, पहिल्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली होती, "पंखा बंद करा, पोरगी काय म्हनी राहयनी ऐकू द्या," आणि मग एकेक जण पुढे सरकत गेला.

मागे, मोकळ्या मांडवात, नाना एकटे टेबलाशी उभे होते. मी सेल पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"गाई राहयनी," ते म्हणाले.

"काय गातायत?"

"मालूम नही. आठे मांगे ऐकू येत नही."

"मग पुढे जा ना नाना."

त्यांनी जावयानं दिलेल्या पेटीवर हात ठेवला. "सेट सोडीसन कसं जाऊ?" मी थांबतो म्हटलं, तर माझ्याकडे बघून मानेनंच नाही म्हणाले. डिकीतला माईक ते विसरले नव्हते. तिकडे गाणं संपलं. टाळ्या कोणी वाजवल्या नाहीत, बायका डोळे पुसत होत्या. मला त्या क्षणी नानांचा राग आला होता, खरं सांगतो.

चारच्या एसटीनं निघालो. ती दोघं एका बाकावर, मी मागच्या. खोकं नानांच्या मांडीवर. चिमठाणं मागे पडलं. मग नाना समोर बघत म्हणाले, "कोणतं म्हटलं?"

"नवंच," अक्का म्हणाल्या. मला ते त्यांच्या ओठांवरून कळलं.

"मले ऐकू उनं नही."

अक्कांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. आपण गायलो ते ह्या माणसानं ऐकलेलं नाही हे त्यांना तेव्हा कळलं. त्यांनी नानांच्या मांडीवरचं खोकं उचललं, खाली पायाशी ठेवलं, आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. एसटीच्या काचा वाजत होत्या, कोंबड्या होत्या, कंडक्टर कोणाशी तरी भांडत होता. मला एक शब्द ऐकू आला नाही. नाना मान खाली घालून ऐकत होते आणि धुळं येईपर्यंत त्यांनी ती वर केली नाही.

अक्का त्यानंतर दोन पावसाळे होत्या. पुन्हा कुठे गायल्या नाहीत. त्या गेल्यावर काही महिन्यांनी ओट्यावर बसलो असताना मी नानांना विचारलं, ते गाणं कसं होतं.

"शब्द नही ध्यानमा," ते म्हणाले. "पन आवाज पहिलेसारखा व्हता."