पहिला टप्पा सोडायचा

रविवारी दुपारी कोल्हापुरात आमचा फुटबॉल संघ ३-० असा हरला. पहिला गोल एकोणिसाव्या मिनिटाला झाला, दुसरा चौतिसाव्या, तिसरा उत्तरार्धात. सामना पाच वाजून पन्नास मिनिटांनी संपला. सोलापुरातून गेलेले आम्ही एकोणतीस जण गाडीत बसलो आणि परत निघालो.

माझ्या वृत्तपत्राला बातमी मी गाडीतूनच पाठवली, सांगली मागे पडायच्या आत. तीत एक वाक्य होते: 'गोलरक्षकाने तिन्ही वेळा चुकीचा अंदाज घेतला.' मी मध्यरेषेजवळच्या गॅलरीत बसलो होतो. गोल तिथून पन्नासेक मीटर दूर होता. कोणतीही गोष्ट दोघांकडून पक्की केल्याशिवाय लिहायची नाही, हे मी नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकलो होतो. त्या दिवशी मी गोलरक्षकाशी बोललो नव्हतो आणि प्रशिक्षकांशीही नाही. सोमवारी ते वाक्य जसेच्या तसे छापून आले.

सोमवारी संध्याकाळी प्रशिक्षकांनी मैदानावरच्या फळ्यावर पुढच्या रविवारचा संघ लिहिला. हा सामना घरच्या मैदानावर होता. पहिल्या ओळीत, गोलरक्षकाच्या जागी, राखीव खेळाडूचे नाव होते.

गोलरक्षक कुंभारीचा. वय चोवीस. टॉवेलच्या कारखान्यात मालाच्या गाठी बांधायचे काम करतो. पुढच्या रविवारी जिल्हा निवड समितीचे दोन सदस्य सामना पाहायला येणार होते. जिल्हा संघात निवड झाली तर प्रमाणपत्र मिळते, आणि त्याने ज्या नोकरीचा खेळाडू कोट्यातून अर्ज भरला होता तिला ते प्रमाणपत्र लागत होते. वयाची मर्यादा त्याच्यासाठी याच वर्षी संपत होती. मैदानात नसलेला खेळाडू समितीला दिसत नाही. हे फळ्यापुढे उभ्या असलेल्या सगळ्यांना माहीत होते.

मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता आम्ही यंत्रमागाच्या कारखान्यासमोरच्या हॉटेलात जमलो. बाहेरगावी सामना झाला की ही बैठक ठरलेली असते. जे गेले होते त्यांनी, ज्यांना कारखान्यातल्या पाळीमुळे जाता आले नाही त्यांना, सामना पुन्हा खेळून दाखवायचा. त्यासाठी कांड्या लागतात. कांडी म्हणजे मागाच्या धोट्यात बसते ती सुताची लाकडी नळी. मागांची दुरुस्ती करणारे जॉबर, ज्यांना सगळे मामा म्हणतात, या कांड्या पिशवीतून घेऊन येतात. हिरव्या सुताच्या अकरा आपल्या, पांढऱ्या अकरा त्यांच्या. चेंडू म्हणून शेंगदाणा.

मामांनी दोन टेबले जोडली आणि कांड्या उभ्या केल्या.

"सांगा आता. पयल्यापास्नं."

"काय सांगायचं मामा, वाट लागली."

"वाट लागली ते पेपरात वाचलं. कशी लागली ते सांग." मामांनी एक हिरवी कांडी उचलली. "लेफ्ट बॅक कुटं ठेवू?"

"कुटंबी ठेवा. रविवारी बी त्यो कुटंच नव्हता."

दोघे-तिघे हसले. बाकीचे हसले नाहीत. एक जण उठून दाराशी गेला आणि परत येऊन बसला. एकाने पाय हलवायला सुरुवात केली, तशा कांड्या पडल्या. मामांनी त्या पुन्हा उभ्या केल्या आणि त्याला टेबलापासून लांब बसायला सांगितले. तेवढ्यात शेंगदाणा सापडेना.

"बॉल खाल्ला का रे कुनी?"

"दुसरा घ्या की. बशीभर हायेत."

पहिल्या गोलावर एकमत होईना. एक म्हणाला, गोलरक्षक उगाच पुढे आला. दुसरा म्हणाला, बचावपटूने चेंडू डोक्याने मारायला हवा होता. तिसरा म्हणाला, पहिल्यापासूनच पाच जण मागे ठेवायला हवे होते. त्यावर त्याला विचारण्यात आले की मग गोल कोण करणार होता, तू का? मामा प्रत्येकाच्या सांगण्याप्रमाणे कांड्या हलवत होते आणि प्रत्येक वेळी शेंगदाणा वेगळ्या वाटेने गोलात जात होता.

सव्वासहाला प्रशिक्षक आले. सगळे त्यांना सर म्हणतात. शाळेत खेळाचे शिक्षक होते, निवृत्तीनंतर संघ शिकवतात. ते मागच्या बाकावर बसले. आवाज खाली आले.

"सर, बरं झालं आलात," मामा म्हणाले. "ह्या पोरांचं काय खरं न्हाय. रिक्षावाल्याला बोलू द्या. त्यो गोलाच्या मागं हुता."

रिक्षाचालक आमच्यातला सर्वांत जुना पाठीराखा. बाहेरगावी पाण्याच्या बाटल्या त्याच्याकडे असतात, म्हणून त्याला मैदानाच्या कडेला उभे राहू देतात. तो जागेवरून उठला नाही.

"मैं पीछेच था मामा. सच बोलूं तो, बॉल उठाच नहीं."

"म्हंजे?"

"अपने इधर मुरूम है. टप्पा पडा के बॉल मुंडी के ऊपर. उधर घास. सकाळी पानी मारले होते. टप्पा पडा, और बॉल सर्र करके घुटने के नीचे से."

मामांचा हात टेबलावर थांबला. पुढचे कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या संघाचा एक नियम आहे आणि तो सरांचा आहे: लांबून आलेल्या चेंडूचा पहिला टप्पा सोडायचा. बचावपटूने उडी मारायची नाही, फक्त समोरच्या खेळाडूला अंगाने अडवून धरायचे. आमच्या मैदानावर चेंडू टप्पा खाऊन पुरुषभर वर जातो. तेवढ्यात गोलरक्षकाने पुढे धावत यायचे आणि तो डोक्यावर दोन्ही हातांनी धरायचा. घरच्या मैदानावर या नियमाने संघ कितीतरी वेळा वाचला आहे. बाहेरून आलेल्या संघांना ती युक्ती कळतही नाही.

मामांनी बचावपटूची कांडी बाजूला सरकवली, गोलरक्षकाची पुढे आणली आणि शेंगदाणा तिच्या शेजारून बोटाने सरळ ढकलला.

"पयला असा. दुसरा?"

"वैसाच."

"आनि तिसरा?"

"तिसरे को निकलाच नहीं. रेषेवर उभा राहिला. सामनेवाला अकेला आया, मार के गया."

"मग दुसऱ्या हाफात त्याला सांगायचं न्हाय का, की बाबा, निघू नको म्हणून?" मघाशी पाय हलवणारा म्हणाला.

रिक्षाचालकाने चहाचा पेला उचलला आणि पुन्हा खाली ठेवला. तो सरांकडे बघत नव्हता.

"उसने पूछा था. हाफ टाइमला. मैं पानी देत होतो. बोला, सर, टप्पा उठत न्हाय, मागं थांबू का."

समोरच्या कारखान्यातले माग चालूच होते.

"सर काय म्हणले?" मामांनी विचारले.

"आपला खेळ बदलायचा न्हाय, असं म्हणालो," मागच्या बाकावरून सर म्हणाले.

मामांनी कांड्या गोळा करायला घेतल्या. एक खाली पडली, ती कोणीतरी उचलून दिली. एकाने बोलायला तोंड उघडले, मामांनी त्याच्याकडे पाहिले, तो गप्प झाला. सर आणखी चार-पाच मिनिटे बसले. त्यांचा चहा आला होता, तो तसाच राहिला. फळ्यावरच्या नावाबद्दल त्यांना कोणी विचारले नाही. साडेसहाच्या सुमारास ते निघून गेले.

बुधवारी सकाळी मी कुंभारीला गेलो. गोलरक्षक कामावर निघण्याच्या तयारीत होता. तो माझ्याशी दारात उभ्यानेच बोलला. शर्टाचे वरचे बटण लावत होता, काढत होता, पुन्हा लावत होता.

"पहिल्या दोन्ही वेळा पुढे का आलास?" मी विचारले.

"सरांनी तसं शिकवलंय. कडेनं ओरडत बी हुते, निघ निघ."

"तिसऱ्या वेळी?"

"भ्यालो."

"हाफ टाइमला सरांना काही विचारलं होतंस?"

"त्ये तुमाला कुनी सांगितलं?"

मी सांगितले. त्याने होकारार्थी मान हलवली. मग म्हणाला, "साहेब, तुमचं ते कात्रण निवड समितीवाल्यांनी वाचलं असंल का?"

मला माहीत नव्हते. तसे मी त्याला सांगितले.

"मग आता विचारून काय उपेग?" असे म्हणून त्याने मोटारसायकल सुरू केली.

दुपारी मी सरांना फोन केला. हॉटेलातले बोलणे बैठकीतले होते. छापायचे तर त्यांना पुन्हा विचारणे भाग होते. मी तयार केलेला मजकूर वाचून दाखवला: 'कोल्हापूरच्या सामन्यात गोलरक्षक प्रशिक्षकांच्या सूचनेनुसार पुढे आला होता. मध्यंतरात त्याने खेळ बदलण्याबाबत विचारणा केली होती. ती मान्य झाली नाही. सोमवारच्या बातमीतील संबंधित वाक्य चुकीचे होते.' सरांनी तो पुन्हा एकदा वाचायला लावला.

"छापा," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

खुलासा गुरुवारी सातव्या पानावर, एका स्तंभात आला. शुक्रवारी फळ्यावर राखीव गोलरक्षकाचेच नाव होते. मामा दोनदा जाऊन बघून आले. शनिवारीही तेच होते. शनिवारच्या सरावाला कुंभारीचा गोलरक्षक आला, कडेला उभा राहिला आणि बाहेर गेलेले चेंडू परत देत राहिला. सरांनी त्याला काही सांगितले नाही. रिक्षाचालकाने मला त्या दिवशी तीन वेळा फोन केला. तिन्ही वेळा त्याच्याकडे नवीन काही नव्हते आणि माझ्याकडेही.

रविवारी सामना चारला होता. तीन वाजून पस्तीस मिनिटांनी सर फळ्यापाशी आले. त्यांनी पहिली ओळ तळहाताने पुसली आणि कुंभारीच्या गोलरक्षकाचे नाव लिहिले. राखीव खेळाडूला त्यांनी बाजूला घेतले आणि दोन-तीन मिनिटे त्याच्याशी बोलले. काय बोलले ते कळले नाही. त्या दोघांपैकी कोणीही नंतर सांगितले नाही.

निवड समितीचे दोघे चार वाजून दहा मिनिटांनी आले आणि मध्यंतरानंतर थोड्या वेळाने गेले. सामना १-१ असा बरोबरीत सुटला. आमच्यावरचा गोल ते गेल्यानंतर झाला.

जिल्हा संघाची यादी पुढच्या शनिवारी लागली. अठरा नावे होती. गोलरक्षक दोन होते. दुसरे नाव कुंभारीच्या गोलरक्षकाचे होते.