मुखवटेवाल्याचा डावा हात

कवळीताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. पण दातांच्या कवळ्या घडवण्यात अठरा वर्षं गेली आणि खरं नाव कागदपत्रांपुरतं उरलं. दातांच्या पिवळेपणाच्या छटा ती अशा जुळवायची की म्हाताऱ्यांच्या सुनासुद्धा फसायच्या. "माणूस हसला की माझं काम दिसतं, पण मला कुणी ओळखत नाही. बरंय की!" म्हणायची.

रविवार मात्र मुखवटेवाल्याचा. लहानपणी एका साप्ताहिकात त्याची चित्रकथा यायची. आधी कोण वाचणार यावरून ती आणि तिचा धाकटा भाऊ एकमेकांच्या झिंज्या उपटायचे. शेवटच्या अंकात पूल कोसळला, मुखवटेवाला गेला आणि साप्ताहिकही बंद पडलं. वाचकांनी ते कधीच माफ केलं नाही. आता केस पिकलेले तेच वाचक मोबाइलवरच्या गटात 'दुसऱ्या जगातला' मुखवटेवाला रंगवत. त्या जगात पूल कोसळलेलाच नसे. कुणी त्याला शाळामास्तर केलं होतं, कुणी आचारी. कवळीताईने त्याला जुन्या चित्रकारांच्या उमरावासारखं बसवलं: मागे काळोख, एका बाजूने उजेड, अंगात मखमली कोट, मुखवटा टेबलावर उतरवून ठेवलेला आणि हातात लेखणी. पुढच्या आठवड्यात वाचनालयात गटाचं प्रदर्शन होतं आणि मधली जागा तिच्या चित्राला दिली होती.

भाऊ अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी "आलोच" म्हणून बाहेर पडला, तो आलाच नाही. पत्र नाही, निरोप नाही. आई नऊ वर्षं दाराकडे तोंड करून बसली. जेवतानाही कान बाहेर. गेली दोनेक वर्षं कुठे तिला नीट झोप लागू लागली होती, शेजारणीची उणीदुणी काढण्याइतपत ती माणसांत आली होती. आई पुन्हा त्या वाटेला लागू नये, एवढंच कवळीताई देवाकडे मागायची.

मुखवटेवाल्याचा चेहरा चित्रकथेत कधी दिसलाच नव्हता, म्हणून तिने तो मनाने रंगवला. निदान तिला तसं वाटत होतं. लेखणी धरलेला हात काही जमेना. मग ती कपाटाच्या आरशासमोर उभी राहिली. ब्रश लेखणीसारखा धरायचा, आरशात बघायचं आणि दिसेल तसं कॅनव्हासवर उतरवायचं. दुपारपर्यंत हात इतका जिवंत झाला की तीच खूश झाली.

आई चहा घेऊन आली. चित्र दिसताच कप खाली ठेवून त्याच्याजवळ गेली.

"कुठे भेटला गं तुला?"

"कोण?"

"आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस!"

"आई, हा मुखवटेवाला. गोष्टीतला."

"मला खुळी समजतेस? केस केवढे पिकलेत त्याचे... आणि बघ, अजून डाव्या हातानेच लिहितोय. किती मारलं मी त्या हातावर! शेवटपर्यंत ऐकलं नाही मेल्याने."

कवळीताईने चित्राकडे पाहिलं. तो भाऊच होता, अकरा वर्षांनी थोराड झालेला. अर्धवट उघडलेल्या ओठांआड पुढचा दात राखी होता. लहानपणी जिन्यावरून पडून मेलेला तो दात. ती छटा तिच्या हाताने तिला न विचारता अचूक जुळवली होती.

तिने आईला आरशासमोर आणलं आणि स्वतःचा ब्रशचा हात वर केला. "हा माझा उजवा. आरशात बघ, डावा वाटतो. मी तेच उतरवलं. मला तो भेटला नाही गं."

आई आरशात बघत राहिली. तिचं लक्ष हाताकडे नव्हतंच. दोघींच्या खांद्यांमागे जी रिकामी खोली दिसत होती, तिथे तिची नजर खिळली होती. मग म्हणाली, "म्हणजे नाहीच भेटला."

"नाही."

"मग पूस तो हात. उजवा कर. दातही पांढरा कर."

"राहू दे ना. प्रदर्शनाला नाही देत मी. घरीच ठेवू."

"घरी ठेवलास तर मी त्याच्याशी बोलत बसेन. माझं मला ठाऊक आहे."

कवळीताईने फडकं टर्पेंटाइनमध्ये भिजवलं. रंग ओलाच होता. पहिल्याच फटक्यात करंगळी काळोखात विरघळली. चित्र हलू नये म्हणून आईने चौकट दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

"हळू गं," ती म्हणाली, "दुखेल त्याला."