भिंतीकडे तोंड करून पाहिलेला दुसरा भाग

कुठल्याही सिनेमाचा दुसरा भाग सुरू झाला की ओव्हाळभाऊ माझ्या दुकानात खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसत. घरी जात नसत. चहा तिथेच घेत, बिस्किट तिथेच बुडवत, फक्त पडद्याकडे पाठ. बँकेतून निवृत्त झालेला, गावात मान असलेला माणूस कार्टूनवर रुसून बसलेला मी तरी दुसरा पाहिला नाही.

तळेगावात माझं जुन्या फर्निचरचं दुकान आहे. लोणावळ्यातले बंगले विकले जातात तेव्हा आतलं सामान मी उचलतो, आणि भावात मला कुणी हरवलेलं नाही. एका बंगल्यातून भलामोठा टीव्ही आला. तो खपेना, म्हणून त्यावर मी कार्टून लावून ठेवायचो. भाऊ कपाट बघायला आले आणि एका खेकड्याचा सिनेमा उभ्याने शेवटपर्यंत पाहत राहिले. सगळे खेकडे तिरके चालतात, ह्या एकाला सरळ चालायचं असतं, आणि शेवटी तो चालतो, एवढीच गोष्ट. भाऊंनी डोळे पुसले. "ह्याचा दुसरा भाग काढला असेल तर मला सांगू नकोस," म्हणाले आणि कपाट न घेताच गेले.

दुसरा भाग निघालेला होताच. आणि तो पहिल्यापेक्षा सरस आहे, हे मी आजही कुणाच्याही तोंडावर सांगेन. त्यात खेकडा म्हातारा होतो. मुलं त्याला आपल्या बिळात घेऊन जातात, आणि ती सगळी मजेत तिरकी चालतात. आयुष्यभर सरळ चाललेल्या बापाला त्यांच्याबरोबर पुन्हा तिरकं चालायला शिकावं लागतं.

"म्हंजे शिकलेलं इसरायचं," भाऊ भिंतीला सांगत. भाऊ मूळचे टाकवे बुद्रुकचे. बँकेत पुस्तकी बोलायचे, तापले की टाकवे बाहेर यायचं. "पिच्चर संपला की माणसानं उठावं. पुढचं दाखवणाऱ्याला भूक लागलेली असती, दुसरं काय न्हाई."

दर रविवारी दुपारी आम्ही तिघं जमायचो. तिसऱ्या म्हणजे शेजारच्या दाते मॅडम. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांना छत्र्या दुरुस्त करणाऱ्या अस्वलाचा सिनेमा प्रिय, आणि त्याच अस्वलाला चंद्रावर पाठवणारा तिसरा भाग इतका नावडता, की त्याचा विषय निघाला की त्या चष्मा काढून ठेवत. "चंद्रावर पाऊस तरी पडतो का?" एवढंच त्या विचारत.

खेकड्याच्या दुसऱ्या भागाला दहापैकी आठ द्या, अशी माझी मागणी होती. भाऊ शून्यावर. मी सातवर आलो, सहावर आलो. शेवटी पाच द्या आणि विषय मिटवा म्हणालो. ते हलले नाहीत. एकदा माझं डोकं फिरलं आणि मी त्यांचा चहा बंद केला. पुढच्या रविवारी भाऊ घरून थर्मास घेऊन आले. मॅडमना ओतला, स्वतः घेतला, मला विचारलंही नाही.

मग त्यांच्या मुलाने त्यांना नागपूरला बोलावून घेतलं. सामान टेम्पोने पुढे गेलं. भाऊ एक पिशवी घेऊन घोरावाडी स्टेशनात बसले. पुण्याला जाऊन तिथून पुढची गाडी. आम्ही दोघं पोचवायला. मॅडम तिकडच्या उन्हाळ्याबद्दल सूचना देत होत्या. मी म्हणालो, भाऊ, आता तरी खरा आकडा सांगा.

"गाढवा, लोकांदेखत सांगू व्हय?" ते म्हणाले.

तेव्हा मला माझा मामा आठवला. तो बैलबाजारात दलाल होता. तिथे भाव तोंडाने बोलत नाहीत. हातावर रुमाल टाकतात आणि खाली बोटं दाबून आकडा सांगतात. रुमालाखाली कळलेलं बाहेर बोलायचं नाही. बोलला त्याच्याशी पुन्हा कुणी व्यवहार करत नाही. भाऊंच्या वडिलांचेही बैल होते. मी खिशातून रुमाल काढताच त्यांनी मुकाट्याने हात पुढे केला.

त्यांनी माझी पाची बोटं धरली. सोडली. मग पुन्हा चार धरली.

मी तर आठच मागितले होते. भाऊंचं तोंड रुळांकडे.

"पोरांकडं करमलं त्याला," ते हळूच म्हणाले. "आवाजावरनं तरी तसं वाटलं."

लोकल आली. भाऊ चढले, दारात उभे राहिले आणि फलाटभर ऐकू जाईल अशा आवाजात मॅडमना म्हणाले, "दुसरा भाग भंगार हाय!" मॅडमनी टाळी दिल्यासारखा हात हलवला. गाडी गेली.

आता दर रविवारी भाऊंचा फोन येतो. मॅडम तो स्पीकरवर टाकतात. नातवंडं, ऊन, गुडघे असं सगळं झालं की भाऊ न चुकता विचारतात, त्या फर्निचरवाल्याला अजून तो भंगार पिच्चर आवडतो का? मॅडम हसून माझ्याकडे बघतात. स्टेशनात किती दिले, हे त्यांनी मला नाना तऱ्हांनी विचारून पाहिलं आहे. वाद मी जिंकलो आहे, चांगला दणदणीत जिंकलो आहे, आणि हे जगात फक्त एका माणसाला माहीत आहे, जो नागपूरला बसून माझी टिंगल करतो.

रागाने माझे कान तापतात. मी फोनजवळ तोंड नेतो आणि म्हणतो, "बरं, भाऊ."