सुतकातल्या चुलीचा फोटो

सिंदेवाहीकडच्या माझ्या माहेरी मासेमारांचा ढिवर मोहल्ला तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला, लागून आहे आणि आमचा बौद्ध मोहल्ला त्याच्या मागे. मनकर्णाबाई त्या पाळीवरची. नवरा गेल्यावर मासेमारी सोसायटीतल्या पुरुषांनी तिला सांगितलं, बाईच्या हातात जाळं शोभत नाही. ती म्हणाली, "मासोळीले विचारून या, तिले चालते का." दुसऱ्या दिवशी ती गळाभर पाण्यात उभी होती. मला पोहायला तिनेच शिकवलं, शिव्या देत देत.

दोन वर्षांपूर्वी गावात एक कंपनी आली. कमी लाकडात पेटणाऱ्या, कमी धुराच्या लोखंडी शेगड्या तिने घरोघरी फुकट वाटल्या. बाया मनकर्णाबाईचं ऐकतात म्हणून तिला 'शेगडीताई' नेमलं. शेगडी कशी पेटवायची ते दाखवायचं, वापरतानाचे फोटो पाठवायचे, हे तिचं काम. गळ्यात तिच्या फोटोचं ओळखपत्र आलं. ते घालूनच ती बाजारात मासे विकायला बसायची.

मी चंद्रपूरला, गावच्या बोलीत चांद्याला, राहते. माझी मुलगी संघप्रिया सहावीत आहे आणि तिच्या दप्तरात डब्याशेजारी श्वासाचा पंप असतो. हिवाळ्यात दोरीवरचे कपडे काढताना मी आधी झटकते, कारण त्यांच्यावर काळी पूड बसलेली असते. शाळेने मुलांना आपापल्या घराचा कार्बन मोजायला सांगितलं. आम्ही दोघींनी मोबाइलवर सगळं भरलं: कूलर, फ्रिज, स्कूटी, गॅस. आकडा आला आणि त्याखाली एक हिरवं बटण आलं, 'पैसे देऊन भरपाई करा'. बटणाशेजारी शेगडीपुढे बसलेल्या एका बाईचा फोटो होता.

"आई, हे दाबलं की आपला धूर परत येतो का?" संघप्रियाने विचारलं.

परत येत नाही. त्या रात्रीपासून मी या विषयावर मिळेल ते वाचायला लागले. मुलीची छाती वाजत असली की तशीही झोप लागत नाही. वाचता वाचता आमच्या शहराच्या कडेला असलेल्या एका कारखान्याच्या अहवालात मला माझ्याच गावाचं नाव दिसलं.

सुट्टीत गेले तेव्हा मनकर्णाबाईला सांगितलं, "तुम्ही कमी लाकूड जाळलं की तेवढा धूर झाला नाही असं धरतात. त्या न झालेल्या धुराचं प्रमाणपत्र निघतं. ते आमच्याकडचा कारखाना विकत घेतो आणि म्हणतो, माझा तेवढा धूर फिटला."

"अन् त्याचा धूर कमी होते?"

"नाही. तो तेवढाच निघतो."

"म्हणजे उपास म्या धराचा, अन् पुण्य त्यानं घ्याचं?" मी हसले. ती हसली नाही. "अन् उपास तरी कुठी धरून राह्यलो आमी? चहा-भाजी होते शेगडीवर, चांगली होते, खोटं काऊन बोलू? पण धान उकडाले, मासोळ्या धुरावर सुकवाले चूलच लागते. दोन्ही पेटतेत. स्वप्निलले सांगतलं म्या."

स्वप्निल म्हणजे कंपनीचा ब्रह्मपुरीचा पोरगा. त्याने तिला सांगितलं होतं, "काकू, तपासणीच्या दिवशी जुनी चूल थंड दिसली की झालं." तपासणी पार पडली तर तिची नेमणूक कायम होणार होती आणि प्रत्येक घराला मोठी शेगडी मिळणार होती, धान उकडता येईल अशी. तिची शेजारीण प्रेमिला त्या शेगडीकडे डोळे लावून बसली होती. धुराने तिचे डोळे सारखे गळायचे.

माघात मनकर्णाबाईचे दीर, मुखरूभाऊ, वारले. त्या मोहल्ल्यात कोणी गेलं की भाऊकीतल्या कुठल्याच घरात तिसऱ्या दिवसापर्यंत चूल पेटत नाही, आणि मोहल्ला सगळा एकाच भाऊकीचा. दुसऱ्या मोहल्ल्यातून जेवण जातं. ढिवर मोहल्ल्यात सुतक असलं की रांधायचं आमच्या मोहल्ल्याने, हे आजोबांच्या काळापासून चालत आलेलं. मी भेटायला गेले होते, तर माझ्या आईने, भागीरथाने, माझ्या डोक्यावर भाताचं गंज, मोठं पातेलं, दिलं आणि स्वतः वरणाची बादली घेतली.

आम्ही पोचलो तेव्हा कंपनीची जीप पाळीवर उभी होती. पुण्याहून आलेले तपासणीचे साहेब एकेका घरात शिरत होते, चुलीतल्या राखेत बोटं घालत होते आणि फोटो काढत होते. चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"एकही चूल गरम नाही," ते स्वप्निलला म्हणाले. "इतकं चांगलं गाव मी पाहिलं नाही."

स्वप्निलला सगळं माहीत होतं. तो खाली बघत होता.

मनकर्णाबाई दारातच बसली होती, केस मोकळे, डोळे सुजलेले. ती उठून चुलीपुढे आडवी उभी राहिली.

"फोटो नोको काढू."

"ताई, दोनच मिनिटं."

"घरात मानूस मेला म्हनून चूल थंड हाये. तुह्या शेगडीनं नाई झाली थंड."

साहेब गडबडले. "मला माफ करा, मला कोणी सांगितलं नाही."

"आता म्या सांगतलं ना? मंग लिह्य."

स्वप्निल तिच्याजवळ गेला. "काकू, आजच्या दिवस गप राहा. गावाचंच भलं हाये. पुन्हा तपासणी नाई होत."

"गावाचं भलं? थ्या भाताच्या गंजाकडे पाह्य. कुठी शिजला थो भात?" तिने आमच्या मोहल्ल्याकडे हात केला. तिथे लग्नघरासारखा धूर चढत होता. "आमच्या चुली इझल्या म्हनून यायच्या दुप्पट पेटल्या. थो धूर कोन मोजते?"

साहेबांनी तिकडे पाहिलं. "तो मोहल्ला आजच्या नमुन्यात नाही," ते हळूच म्हणाले.

"नसन. पन हिची पोरगी हाये चांदाले." तिने माझा दंड धरून मला पुढे ओढलं, गंज पडता पडता राहिलं. "तिले श्वास घेता येत नाई. कारखाना म्हनते, मनकर्णाच्या चुलीनं माहा धूर फेडला. म्या कवा फेडला? माह्या दिराचं सुतक इकून थो धुराडं चालवन काय?"

मग प्रेमिला भांडली. "तुले का होते बोलाले, मनकर्णा! माहे डोळे गेले धुरानं. मोठी शेगडी येत होती, थेही घालवली!"

"येऊ दे ना शेगडी. म्या कवा नाई म्हनली? शेगडी द्या म्हना, खोटं इकू नोका."

"ते तसं होत नाही, ताई," साहेब म्हणाले. "शेगड्यांचा पैसा त्या प्रमाणपत्रांच्या विक्रीतूनच येतो. ते एकमेकांशी जोडलेलं असतं."

"मंग सोड जोड."

त्यांनी लिहिलं की नाही मला माहीत नाही. महिन्याभराने गाव यादीतून वगळल्याचं कळलं. मोठ्या शेगड्या आल्या नाहीत. प्रेमिला तिच्याशी अजून बोलत नाही, आणि प्रेमिलाचं काही चुकलं असं मला म्हणवत नाही. डोळे तिचे आहेत. ग्रामपंचायतीच्या फंडातून मोठ्या शेगड्या घ्याव्यात म्हणून मनकर्णाबाईने ग्रामसभेत दोनदा हात वर केला, दोन्ही वेळा विषय पुढे ढकलला गेला. तिसऱ्यांदाही ती हात वर करणार आहे.

कारखान्याच्या नव्या अहवालात आमच्या गावाच्या जागी चिमूरकडच्या एका गावाचं नाव आलं. मी तिला फोन करून सांगितलं.

"चिमूरले कोन हाये आपलं?" तिने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "नसलं तं का झालं. बाजार तं हाये. मासोळ्या घेऊन बसतो तिथी. बाया येतीनच, सांगतो त्याइले."

स्वप्निल ओळखपत्र आणि शेगडी परत न्यायला आला तेव्हा तिने ओळखपत्र काढून दिलं. शेगडीवर चहाचं आधण होतं.

"शेगडी नाई देत," ती म्हणाली. "दिली थे दिली. बस, चहा घेऊन जा."

तो बसला. जाताना त्याने शेगडीचा फोटो काढायला मोबाइल वर केला, तर तिने त्याच्या हातावर फडकं मारलं.