मोबाईलवरची मुनादी

आमच्या गावच्या कोटवारांचे उपकार माझ्यावर आहेत, हे मी कोणाहीपुढं सांगायला तयार आहे. कोटवार म्हणजे गावाचा चौकीदार. सरकारी निरोप आला की काठी आपटत गल्लोगल्ली मुनादी देणारा माणूस. महाराष्ट्रात याच कामाला कोतवाल असतो अन् मुनादीला दवंडी म्हणतात. माझं माहेर गोंदियाकडचं, म्हणून मला दोन्ही शब्द येतात. लग्न होऊन मध्य प्रदेशात, लांजीच्या पुढच्या या गावात आले, इथल्याच शाळेत मास्तरीण झाले, आणि आता केस पांढरे होईस्तोवर इथंच आहे.

तर झालं असं, की शाळेचं सगळं मोबाईलवर गेलं. हजेरी मोबाईलवर, पुस्तकं मोबाईलवर, धड्यांचे व्हिडिओ मोबाईलवर, वजीफा, म्हणजे शिष्यवृत्ती, तीही मोबाईलवर. वरून दर आठवड्याला नवीन फर्मान, ॲप अपडेट करा, पोर्टलवर पालकांची माहिती तपासा. मी पालकांचा ग्रुप बनवला आणि त्यात एकेक सूचना टाकत बसले. शुद्ध सरकारी हिंदीतली ती सूचना कोण वाचतो? घरात बोलतात झाडीकडची मराठी, बाजारात बोलतात हिंदी, आणि फोन असतो बापाच्या खिशात, बाप वावरात. पालथ्या घड्यावर पाणी. चिडून मी एकदा ग्रुपवर लिहिलं, "वाचलं असेल त्यानं हौ म्हणा." फक्त एका आजोबांनी गुलाबाच्या फुलाचा फोटो पाठवला. मी हात टेकले.

कोटवार काकाजी शाळेच्या ओट्यावर पाणी प्यायला बसायचे. त्यांच्यापुढं एकदा माझा सगळा संताप निघाला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, मॅडमजी, तुम्ही मले सांगा, मी गावाले सांगतो. मी सांगितलं, की उद्यापर्यंत सगळ्या पालकांचे फोन अपडेट झाले पाहिजेत, नाहीतर मुलांचे व्हिडिओ उघडणार नाहीत. संध्याकाळी त्यांची मुनादी मी माझ्या घरातून ऐकली. सरकारी हिंदीचा मागमूस नाही, आमची घरची बोली. ऐकताना मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत पोचते तर काय, फाटकापासून हापशीपर्यंत लाइन! आमच्या गावात काहीही करायचं म्हणजे शिबिर असतं. डोळे तपासायचे तर शिबिर, आधार काढायचं तर शिबिर, पोलिओचे थेंब तर शिबिरच. लाइनीत उभं राहायचं, आपली पाळी आली की सरकारी माणूस काय ते करतो. त्यामुळं फोन अपडेट करायचा म्हणजे फोन घेऊन शाळेत जायचं, असंच सगळ्या गावानं धरलं. कोणी फोन धुतलेल्या रुमालात गुंडाळून आणलेला. एक म्हातारी तर फोनसोबत नातवालाही कडेवर घेऊन आली होती, न जाणो त्यालाही काही द्यायचं असलं तर!

आधी मी कपाळावर हात मारला. मग टेबल बाहेर काढलं आणि बसले. दिवसभर एकेक फोन हातात घ्यायचा, ॲप नवीन करायचं, धडे उतरवून द्यायचे, पोर्टलवरचा नंबर तपासायचा. निम्म्या घरांचे नंबर चुकीचे निघाले, कारण सिम बदलले तरी कोणी शाळेत सांगितलं नव्हतं. ग्रुपवर वर्षभर ओरडून जे झालं नव्हतं ते त्या एका दिवसात झालं. तेव्हापासून दर महिन्याला काकाजींची मुनादी होते आणि आमच्या शाळेत मोबाईलची लाइन लागते. बायका तर आपल्या पोरांचे गणिताचे व्हिडिओ स्वतः बघतात आणि लाइनीत मला त्यातल्या शंका विचारतात. त्या लाइनीतल्या बायकांनी मला जेवढा आनंद दिला तेवढा कोणत्याही ट्रेनिंगनं दिला नाही.

आता त्या दिवसाचं सांगते, ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं.

आमची शाळा आठवीपर्यंत. पुढं शिकायचं तर लांजी, आणि बसची वेळ शाळेशी जुळत नाही. म्हणून आठवीनंतर बऱ्याच पोरी घरी बसतात, आणि घरी बसलेल्या पोरीची सोयरीक कोणीतरी घेऊन येतोच. माझ्या वर्गात एक पोरगी होती, फार हुशार, थोडी तोंडाळ. तिची मोठी बहीण अशीच आठवीनंतर बसली आणि वयाआधीच तिचं लगन झालं. धाकटीचा मी बालाघाटच्या मुलींच्या हॉस्टेलसाठी ऑनलाइन अर्ज भरला. पहिल्या यादीत नाव नाही आलं. पोरगी महिनाभर माझ्याशी धड बोलली नाही. घरात तिच्या मामानं एक स्थळ आणूनही ठेवलं होतं. बाप गप्प माणूस, कधी हो नाही की ना नाही. मी मनात त्याच्यावर रागच धरून होते, खोटं कशाला बोलू.

आषाढात एका दुपारी पोर्टल उघडलं तर दुसरी यादी लागलेली, आणि त्यात तिचं नाव! पण खाली लिहिलं होतं, आज संध्याकाळी पाचपर्यंत मंजुरी द्या, नाहीतर जागा पुढच्या मुलीला जाईल. मंजुरीसाठी पालकाच्या नंबरावर ओटीपी येणार, तो आकडा भरायचा. आणि पालक कुठं? आईबाप दोघंही आपलं रोवणं, म्हणजे भाताची लावणी, आटोपून टोळीसोबत महाराष्ट्रात रोवण्याच्या मजुरीला गेलेले, आमगावच्या पलीकडं. पोरगी इथं आजीजवळ, तिला शाळेत बोलावून घेतलं. फोन लावला तर बंद. पोरगी म्हणाली, बाबा फोन बंद करून प्लास्टिकच्या पन्नीत बांधून मुक्कामाच्या घरी ठेवते, वावरात पाण्यात पडन म्हणून. रात्री उघडते.

रात्री उघडून काय करू? तेवढ्यात काकाजी आले. पोरीला फक्त गावाचं नाव माहीत होतं. ते ऐकून काकाजी म्हणाले, थांबा. त्यांची मुलगी त्याच भागात दिलेली. त्यांनी व्याह्यांना फोन लावला. व्याह्यांचा साळा त्या गावात राहतो, व्याह्यांनी त्याला लावला. साळा उठला आणि तिथल्या कोतवालाकडं गेला. आमच्याकडं सीमेच्या अल्याड-पल्याड सोयरे नाहीत असं एक घर दाखवा! मी फक्त घड्याळाकडं बघत होते आणि सगळ्या देवांना नवस बोलत होते. पोरगी ओट्यावर गुडघ्यात डोकं घालून बसली होती.

कोतवाल कालव्याच्या काठावर उभा राहून ओरडला. पण या सोयऱ्याकडून त्या सोयऱ्याकडं जाता जाता बापाचं नाव कुठंतरी गळून पडलं होतं. त्यामुळं दवंडी झाली ती अशी, की लांजीकडून जे रोवायले आले त्यातल्या पोरीच्या बापानं पोरीच्या शाळेत तुरंत फोन लावावा. आता त्या टोळीत पोरीचा बाप कोण नाही? हातातले पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, टाकून चिखलानं माखलेले सगळे बाप मुक्कामाच्या घराकडं पळाले.

माझा फोन वाजला. "मॅडमजी, माह्या पोरीले काय झालं?" आवाज फाटलेला. हा दुसराच कोणी निघाला. त्याची पोरगी चौथीत, आतमध्ये वर्गात पाढे म्हणत होती. काही झालं नाही म्हणून सांगितलं, तर त्याला पटेना, मग खिडकीतून तिचा आवाज ऐकवला. फोन ठेवते तोच दुसरा बाप. तोही तसाच, धापा टाकत. रागही येईना आणि वेळही सरत चाललेला. खरं सांगते, त्या दोघांना घाईत तोडून बोलताना मला भरून आलं होतं.

मग तिसरा फोन आला आणि तो तिचा बाप होता. मी त्याला काही बोलू दिलं नाही. म्हटलं, पोरगी ठीक आहे, फोन कापू नका, आता एक मेसेज येईल, त्यातले आकडे सांगा. त्याला अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. त्याला लाउडस्पीकर लावायला सांगितला, त्यानं मेसेज उघडला आणि एकेक आकडा तो असा सावकाश सांगू लागला की मला वाटलं माझा जीवच जाईल. मी भरला. गोल गोल फिरणारं ते चक्र थांबलं आणि हिरव्या अक्षरांत लिहून आलं, जागा निश्चित.

पोरीनं माझ्या खांद्यावरून वाचलं आणि तोंडावर हात ठेवला. काकाजी काठी घेऊन उभेच होते, मी त्यांच्या पाया पडले. ते मागं सरकले आणि म्हणाले, अवं मॅडमजी, हे काय करून राह्यल्या. त्यांना, त्यांच्या व्याह्यांना, त्या साळ्याला आणि ज्याचं तोंडही मी पाहिलं नाही त्या कोतवालाला मी त्या वेळी मनातून जे दिलं ते मला लिहिता येत नाही.

फोन अजून चालू होता. मी बापाला सांगितलं, की झालं, तुमच्या पोरीला बालाघाटला हॉस्टेल मिळालं, बारावीपर्यंत तिथं राहील, शिकेल. तो हळू आवाजात बोलला.

"मॅडमजी, मंग आता हिचं लगन नाही न करा लागत?"

इतके दिवस तो हेच पोटात घेऊन गप्प होता, आणि मला वाटत होतं त्याला घाई आहे.

"नाही जी," मी म्हटलं, "नाही करा लागत."

त्यानं फोन ठेवला नाही, ठेवायचं त्याच्या ध्यानातच राहिलं नसावं. तिकडं त्याची बायको मागून पळत आली असावी, कारण तो तिला रडत रडत सांगत होता, "नाही करा लागत म्हणते वं. मॅडमजी म्हणते, नाही करा लागत."