बोटीवर केळी चालत नाहीत

कोलंबिया पहिल्यांदा दिसते तेव्हा ही नदी आहे हे पटतच नाही. दोन्ही बाजूंना काळे कडे आणि मधून समुद्रासारखं पसरलेलं पाणी. आम्ही नोकरीसाठी राहायचो त्या बॉथेलहून शेखर, मिलिंद आणि मी दर सप्टेंबरात इथे सॅमन धरायला यायचो. २००५ ची खेप मात्र शेखरची शेवटची. कंपनीने त्याला पुण्याला परत बोलावलं होतं आणि इतक्या वर्षांत पठ्ठ्याला एकही मासा लागला नव्हता. यंदा त्याला मिळालाच पाहिजे, म्हणून आम्ही पहिल्यांदाच बोटवाला ठरवला.

हँक नावाचा हा म्हातारा धक्क्यावरच आडवा आला. "केळी आहेत का कुणाकडे? बोटीवर केळी चालत नाहीत. मासा लागत नाही."

शेखर जळगावचा, घरच्या केळीच्या बागा. "यार, केळ्याने याचं काय घोडं मारलंय?" असं मला म्हणून तो फुरंगटून बोटीत बसला.

आम्ही स्पिनर (पाण्यात गरगर फिरणारं पितळी पातं, मासा त्यालाच भक्ष्य समजतो) टाकत राहिलो. शेजारच्या बोटींवर आरडाओरडा चालला होता, आमच्याकडे शुकशुकाट. दुपारी भूक लागली तसं शेखरने पिशवीतून एक पुडा काढला. आईने पाठवलेले केळ्याचे वेफर्स.

मिलिंद बघतच राहिला. "शेक्या, हे तू दर ट्रिपला आणतोस!"

"मग? वेफर्स म्हणजे काय केळी थोडीच!"

हे काय आहे, असं हँकने विचारलं. शेखरने खरं ते सांगितलं. हँकने नदीकडे बोट दाखवलं.

शेखरने पुडा छातीशी धरला. "मासा नाही मिळाला तरी चालेल. आईने केलेलं मी फेकणार नाही."

हँक त्याच्याजवळ सरकला. मग त्याने एक वेफर उचलला, कुरकुर चावला आणि पुन्हा हात पुढे केला. "हे बटाट्याचे आहेत," तो म्हणाला. "बोटीवर मी म्हणेन तेच खरं."

पुडा संपत आला असताना शेखरची गळाची काठी कमानीसारखी वाकली. दोरी सुसाट सुटली. आम्ही दोघं उगाच ओरडत होतो. अखेर बोटीशेजारी चांदीसारखा लखलखीत, हातभर लांब सॅमन आला. हँकने वाकून पाहिलं. शेपटीजवळचा छोटा पर शाबूत होता, म्हणजे मासा नदीतच जन्मलेला. पैदास केंद्रातल्या माशांचा तो पर कापलेला असतो, तेवढेच घरी न्यायचे असा नियम; हा परत सोडायचा. बघायला तिथे कोणी नव्हतं, पण हँकच्या मनात दुसरा विचारही आला नाही. इथल्या माणसांचं हे मला फार आवडतं.

सोडण्याआधी शेखरने माशाला पाण्यातच दोन्ही हातांनी धरलं. "केवढा रे!" एवढंच म्हणाला. मासा निघून गेला तरी त्याचे हात पाण्यातच होते.

परतताना शेखर महिनाभरात पहिल्यांदा पुण्याबद्दल बोलला. घर, मुलांची शाळा, आईला कधी आणायचं. माझ्या दाराशी उतरल्यावर त्याने आपली काठी माझ्या हातात दिली.

पुढच्या सप्टेंबरात मिलिंदने फोन केला तेव्हा मी काहीतरी कारण सांगितलं. मला मासे धरायची आवड कधी नव्हतीच. मला शेखरबरोबर जायचं असायचं.