चौथ्या शनिवारचं पॅकहाऊस

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत मी खरेदी विभागात कारकून होते, तेव्हा मेंटेनन्सला एक फिटर होते. चांदवडकडचे. सगळी कंपनी त्यांना मामा म्हणायची. मशीनचा आवाज बदलला की ते स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटायचे. मग बिघाड कुठे आहे ते सांगायचे. गाणंही ते असंच डोळे मिटून ऐकत. कार्यक्रमानंतर बाकीचे वाहवा करत असताना मामा म्हणायचे, "डावीकडचा स्पीकर फाटत व्हता."

आम्ही कंपनीतले सहा-सात जण मिळून वर्षाला चार-पाच गाण्याचे कार्यक्रम करायचो. तिकीट लावायचो, उरलेला खर्च आपसात वाटून घ्यायचो. अडचण असायची ती जागेची. मोठ्या नाट्यगृहाचं भाडं झेपत नसे, म्हणून गंगापूर रोडवरचं एखादं मंगल कार्यालय घ्यायचो. तिथे लग्नाची तिथी सोडून जी तारीख मिळेल ती आमची.

अशाच एका कार्यक्रमाला पुण्याहून एक वयस्कर गायिका आल्या होत्या. त्यांचा यमन नुकता कुठे रंगायला लागला होता, तेवढ्यात शेजारच्या लॉन्सवर डीजे सुरू झाला. आमच्या खुर्च्या हादरायला लागल्या. बाईंनी थोडा वेळ डोळे मिटून धीर धरला, मग तानपुरा खाली ठेवला आणि हात जोडले. "मला माझा सा ऐकू येत नाहीये हो. माफ करा मला."

त्यांना बसमध्ये बसवून मामा परत आले, तेव्हा मी रिकाम्या हॉलमध्ये खुर्च्या रचत होते. ते म्हणाले, "ताई, आता भाड्याच्या हॉलात गाणं ठेवायचं नाय. आपली जागा करायची."

मला हसू आलं होतं. पण मामा दर रविवारी मोटारसायकल काढून जागा बघत फिरायला लागले. गंगापूर रोडला पार पुढे, जिथे तेव्हा द्राक्षबागा संपून बंगल्यांची कामं सुरू झाली होती, तिथे त्यांना एक बंद पॅकहाऊस सापडलं. पूर्वी तिथे द्राक्षं निवडून पेट्या भरायचे. मालकीणबाई साठीच्या होत्या. नवरा तरुणपणी गेल्यावर बाग त्यांनी एकटीने सांभाळली होती. सगळे त्यांना आक्का म्हणत.

आम्ही दोघं त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. मामांनी अर्धा तास आवाज, पत्रा, घुमारा असं सगळं समजावून सांगितलं. आक्कांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "माणसं किती येतील?"

"दोनशे."

"गाड्या कुठं लावतील? बाया लघवीला कुठं जातील?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी मामांकडे. आम्ही दोघांनीही याचा विचार केला नव्हता.

"बरं," आक्का म्हणाल्या, "ते मी बघते. तुम्ही तुमचा घुमारा बघा."

आमची आणि आक्कांची भागीदारी अशी ओट्यावर ठरली.

पॅकहाऊसमध्ये उभं राहून मामांनी टाळी वाजवली, तर ती पत्र्याखाली फिरून तीनदा परत आली. त्यावर उपाय म्हणून मामांनी भावाकडून चांदवडहून कांद्याचं गोणपाट आणलं. आम्ही बायकांनी त्याच्या गाद्या शिवल्या आणि आत भाताचा पेंढा भरला. त्या भिंतींवर लावल्या तेव्हा टाळी एकदाच वाजून विरून गेली. मामा लहान मुलासारखे पुन्हा पुन्हा टाळ्या वाजवत राहिले. पण तपासणीला आलेले अग्निशमन अधिकारी म्हणाले, "हे तुम्ही सरपण टांगलंय." सगळा पेंढा काढावा लागला. मग मामांनी मॅनेजरसाहेबांना विनंती करून कंपनीच्या जुन्या भट्टीतून निघालेली, न जळणारी लोकर आणली आणि गोणपाटाऐवजी काचेच्या धाग्यांचं जाड कापड मिळवलं. आमचं शिवणकाम पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं. बोटं खाजून लाल व्हायची. आक्कांनी तेवढ्यात भिंतीत दुसरं दार पाडून घेतलं, पाण्याची टाकी बसवली, बायकांसाठी चार संडास बांधले. स्टेज मात्र द्राक्षं निवडायच्या जुन्या टेबलांचंच झालं.

पहिल्या कार्यक्रमाला मामांनी त्याच पुण्याच्या बाईंना बोलावलं. पहिला सा लावल्यावर बाई क्षणभर थांबल्या आणि भिंतींकडे बघत म्हणाल्या, "इथे ऐकू येतंय." मामा उठून बाहेर गेले. मी मागोमाग गेले, तर ते टाकीपाशी तोंड धूत होते.

गाण्याच्या जागेचं अर्थकारण मला त्या पॅकहाऊसने शिकवलं. गायक, तबला, हार्मोनियम, साउंड, येणं-जाणं हे सगळं धरलं तर सगळ्या खुर्च्या भरूनही तिकिटांतून जेमतेम निभावायचं. आमच्याकडे सगळ्या खुर्च्या भरायच्या नाहीत. आक्कांनी पहिल्या तीन महिन्यांतच ते ओळखलं. त्यांनी मध्यंतरात चहा-पोहे सुरू केले, गाड्या लावायचे पैसे घ्यायला लागल्या, सकाळी योगवर्गाला आणि दुपारी साड्यांच्या प्रदर्शनाला जागा देऊ लागल्या. "गाण्याला येतात त्या माणसांना भूक लय लागते," असं त्या म्हणायच्या. तरी पत्रा गळत होता, टाकीचे हप्ते होते. एक दिवस त्यांनी सांगितलं, आता लग्नं घेणार.

मामा भडकले. "मग त्यात आन् त्या लॉन्समधे फरक काय राहिला आक्का?"

"लग्नं जागा पोसतात. गाणं जागेला पोसत नाय, जागेनं गाण्याला पोसायचं असतं. एवढं साधं कळत नाय?"

"मग लग्नंच लावा," म्हणून मामा निघून गेले. दोन महिने फिरकले नाहीत. मी आलटून पालटून दोघांकडे जात होते. शेवटी आक्काच कंपनीच्या गेटवर आल्या. डोक्यावर पदर, हातात द्राक्षांची पेटी. म्हणाल्या, "महिन्याचा चौथा शनिवार गाण्याचा. तिथी असू दे नाहीतर काही असू दे. आता चला."

त्यानंतर दोनेक वर्षांनी मामांनी एकदा मला विचारलं, "ताई, तुमच्या वडिलांचं गाणं आपण कवा ठेवायचं?"

माझे वडील शाळेत शिपाई होते आणि आमच्या कॉलनीतल्या गायन पार्टीचे मुख्य गायक. जयंतीला, गृहप्रवेशाला, कुणी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाला ते भीमगीतं गायचे. ट्रकवर, विहाराच्या अंगणात, भर चौकात. चाळीस वर्षं गायले, पण तिकीट काढून त्यांना कुणी ऐकलं नव्हतं. मी घरी सांगितलं तेव्हा ते जेवता जेवता थांबले. "तिकीट? आपल्या गाण्याला?" मग हसले. "दोनशे माणसं बोलवा, फुकट गातो."

"दादा, तिकीट लागणार," मी म्हणाले. "तुम्हाला मानधनाचं पाकीटही मिळणार. सगळ्यांना मिळतं."

मे महिन्यातला चौथा शनिवार ठरला. पॅकहाऊसच्या दारावरच्या फळ्यावर मामांनी स्वतः खडूने वडिलांचं नाव लिहिलं. आणि पंधरा दिवसांनी आक्कांच्या पुतणीचं लग्न जमलं. तिथी निघाली तीच, मुहूर्त गोरज. घरचंच पॅकहाऊस असताना बाहेर पैसे कशाला घालवायचे, असं सगळे नातेवाईक म्हणायला लागले.

मामा स्वतःहून आक्कांकडे गेले. मीही होते. मामा म्हणाले, "आक्का, घरचं कार्य हाय. आम्ही तारीख पुढं घेतो. वडिलांशी मी बोलतो, ते समजून घेतील."

ते खरंच होतं. वडिलांनी मला आधीच सांगितलं होतं, "आमचं काय, आम्ही कधीही गाऊ." आयुष्यभर ते असंच म्हणत आले होते. कार्यक्रमात त्यांचं गाणं नेहमी सगळ्या भाषणांच्या शेवटी, वेळ उरला तर.

आक्का लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "समजून घेतील म्हणूनच नाय करायचं. फळ्यावर नाव लिहिलंय ना? मग झालं." त्यांनी पुतणीच्या लग्नासाठी थोडं पुढचं एक लॉन्स भाड्याने घेतलं. त्यांचे दीर त्यावरून वर्षभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

त्या संध्याकाळी वडिलांनी पांढरा शर्ट घातला होता, ढोलकीवाल्यांनीही. कॉलनीतून दोन टेम्पो भरून माणसं आली, सगळी तिकीट काढून. आमच्या नेहमीच्या श्रोत्यांतलेही बरेच आले. वडिलांना माइकसमोर ओरडून गायची सवय होती. पहिल्या ओळीला आवाज मोठा लागला. मग त्यांना कळलं असावं की इथे ओरडायची गरज नाही. दुसरं कडवं त्यांनी इतकं हळू घेतलं की मी पहिल्यांदा त्यांचा श्वास ऐकला. घरात इतकी वर्षं ऐकलेला तो आवाज आत इतका मऊ असेल, हे मला माहीत नव्हतं.

शेवटचं गाणं चालू असताना दार हळूच उघडलं. अंगावर भरजरी शालू, कपाळाला अक्षता चिकटलेल्या, अशा आक्का मागे भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्या पुतणीला सासरी पाठवायच्या आधी निसटून आल्या होत्या. गाणं संपल्यावर पाकीट वडिलांच्या हातात त्यांनीच दिलं. वडिलांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. घरी आल्यावर ढोलकीवाल्यांना आणि कोरसला त्यांचा वाटा दिला, आणि उरलेल्या पैशांतून आईला चष्मा केला.

पॅकहाऊस नऊ वर्षं चाललं. मग रस्ता रुंद झाला, जमिनीचे भाव चढले, आक्कांची मुलं ऐकेनात. आता तिथे अकरा मजली इमारत आहे आणि आक्का तिसऱ्या मजल्यावर राहतात. मामा निवृत्त होऊन चांदवडला गेले. वडील जाऊन चार वर्षं झाली.

गेल्या हिवाळ्यात माझ्या मुलीने मोबाइलवरून एका तरुण गायकाच्या मोठ्या मैदानावरच्या कार्यक्रमाची तिकिटं काढली आणि आक्कांनाही बरोबर घेतलं. हजारो माणसं, मोठे पडदे, मनगटाला पट्टा बांधल्याशिवाय आत सोडत नव्हते. आक्कांनी सगळं कुतूहलाने पाहिलं. परत येताना रिक्षात मुलीने विचारलं, "आजी, आवडलं का?"

"छान व्हतं. पोरगं चांगलं गातंय," आक्का म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. "पण एवढ्या माणसांत त्याला कळलं असंल का गं, कोण ऐकत व्हतं ते?"

रिक्षा गंगापूर रोडला वळली, आणि आक्का बाहेर बघत बसल्या.